माँट्रियलचा ओझोन-तह व शास्त्रज्ञांचा सल्ला : कालानुक्रमाच्या आधारें एका प्रचलित समजुतीची छाननी

१. प्रास्ताविक

एखाद्या घटनेचें कारण म्हणून जी गोष्ट सांगितली जाते ती त्या घटनेच्या आधीं घडली कीं नंतर, हें पाहणें हा इतिहास-संशोधनाचा पहिला धडा होय. बखरकार लढाईचें वर्णन रसभरित करतो, वीरांचीं भाषणें देतो, शकुन-अपशकुन सांगतो. पण मितिवारानिशीं अस्सल पत्र हातीं आलें म्हणजे कित्येकदां असें दिसतें कीं, ज्या कारणास्तव लढाई झाली म्हणून बखर सांगते, तें कारणच लढाईनंतर उत्पन्न झालेलें आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस हा अनुभव नवा नाहीं. परंतु छापील कागदांची रेलचेल असलेल्या अगदीं अलीकडच्या काळांतहि बखरी तयार होत असतात, आणि त्या जुन्या बखरींपेक्षां अधिक वेगानें पसरतात. अशाच एका आधुनिक बखरीची छाननी प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

ती बखर थोडक्यांत अशी. दक्षिण ध्रुवावरील आकाशांत ओझोनच्या आवरणास छिद्र पडल्याचें इ. स. १९८५ मध्यें आढळून आलें; त्याचीं चित्रें पाहून जग हादरलें; शास्त्रज्ञांनीं त्याचें कारण निर्विवादपणें सिद्ध केलें; आणि राष्ट्रांनीं १९८७ मध्यें माँट्रियल येथें तह करून तें कारण दूर केलें. यांतील प्रत्येक सुटी गोष्ट बव्हंशीं खरी आहे. परंतु त्यांचा जो क्रम लावला जातो व त्या क्रमावरून जो कार्यकारणभाव काढला जातो, तो मात्र तारखांपुढें टिकत नाहीं.

हा प्रश्न केवळ तारखांचा असता तर त्यासाठीं इतका प्रपंच करण्याचें प्रयोजन नव्हतें. ज्या १९८७ सालीं हा तह झाला त्याच सालीं नॉर्वेच्या श्रीमती ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें आपला अहवाल संयुक्त राष्ट्रांस सादर केला, व पुढील पिढ्यांच्या गरजांस बाध न आणतां आजच्या गरजा भागविणें, अशी चिरस्थायी विकासाची व्याख्या रूढ केली. तेव्हांपासून नद्या, अरण्यें, समुद्र, हवामान यांसंबंधीं राष्ट्राराष्ट्रांच्या बैठकी सारख्या भरत आहेत, आणि प्रत्येक बैठकींत ओझोनच्या तहाचा दाखला दिला जातो. बखर खरी मानली तर त्या दाखल्याचा अर्थ असा होतो कीं, आधीं डोळ्यांना दिसेल असा निर्विवाद पुरावा यावा, मग राज्यकर्ते हालचाल करतील, व तोंपर्यंत थांबणें हेंच शहाणपण. कागद जर याच्या उलट सांगत असतील, तर तें स्पष्ट करणें हें इतिहासाभ्यासकाचें कर्तव्य होय.

२. पूर्ववृत्त

जमिनीपासून सुमारें १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरील हवेंत ओझोन वायूचें प्रमाण इतर थरांपेक्षां अधिक असतें. सूर्याच्या अतिनील किरणांपैकीं जे सजीवांस अपायकारक, त्यांचा मोठा भाग हा थर शोषून घेतो. एकंदर ओझोन किती आहे हें जमिनीवरून मोजण्याचें यंत्र ऑक्सफर्डचे जी. एम्. बी. डॉब्सन यांनीं १९२० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें. त्या दशकाच्या अखेरीस ज्या मोजक्या दूरस्थ ठिकाणीं तीं यंत्रें गेलीं, त्यांत आपल्याकडील कोडाईकनालची वेधशाळा होती. पुढें भारतीय हवामानखात्यांत दीर्घकाल काम केलेले के. आर्. रामनाथन् हे आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्तानें दक्षिण ध्रुवखंडावर हॅली बे येथें ब्रिटिशांचें ठाणें वसलें व तेथेंहि डॉब्सनचें यंत्र बसलें. ज्या धोक्याची पुढें चर्चा झाली त्याची त्या वेळीं कोणाला कल्पनाहि नव्हती. ही नोंद केवळ जिज्ञासेनें वर्षानुवर्षें चालली. जुन्या घराण्याच्या दफ्तरांत पडून राहिलेला जमाखर्च पुढें एखाद्या मोठ्या वादाचा निकाल लावतो, तसेंच या नोंदींचें झालें.

दुसऱ्या बाजूस, १९२८ सालीं अमेरिकेंतील टॉमस मिजली व त्यांचे सहकारी यांनीं शीतकपाटांत वापरण्यासाठीं क्लोरोफ्लुओरोकार्बन जातीचे वायु शोधून काढले. त्यापूर्वीं वापरांत असलेले अमोनिया, सल्फर डायॉक्साइड वगैरे वायु विषारी किंवा ज्वालाग्राही होते; नवे वायु जळत नसत, त्यांना वास नसे, व ते कोणत्याहि पदार्थाशीं सहसा संयोग पावत नसत. शीतकपाटें, वातानुकूलनाचीं यंत्रें, फवाऱ्याचे डबे, फेस भरलेल्या गाद्या, विद्युत्-उपकरणें धुण्याचीं द्रावकें अशा अनेक ठिकाणीं त्यांचा शिरकाव झाला. त्यांचा जो गुण, म्हणजे अविनाशित्व, तोच पुढें दोष ठरावयाचा होता.

जेम्स लव्हलॉक यांनीं १९७१-७२ मध्यें 'शॅकल्टन' जहाजावरून केलेल्या सफरींत हे वायु भर महासागरावरील हवेंतहि आढळले. मात्र त्यांपासून कांहीं धोका संभवतो असें लव्हलॉक यांस तेव्हां वाटलें नाहीं. नत्रवायूच्या ऑक्साइडांमुळें ओझोनचा नाश होतो हें पॉल क्रुट्झन यांनीं १९७० मध्येंच दाखविलें होतें. या दोन धाग्यांस जोडणारा तिसरा धागा जून १९७४ मध्यें पुढें आला. मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनीं 'नेचर' या नियतकालिकांत असें प्रतिपादन केलें कीं, हे अविनाशी वायु शेवटीं स्थितांबरांत पोंचतात, तेथें अतिनील किरणांनीं फुटून त्यांतील क्लोरीन मोकळा होतो, व क्लोरीनचा एक अणु स्वतः न संपतां ओझोनचे हजारों रेणु नष्ट करतो. क्रुट्झन, मोलिना व रोलंड यांस १९९५ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु १९७४ मध्यें त्यांच्या हातीं होतें तें अनुमान; ओझोन खरोखर कमी झाल्याचें एकहि मोजमाप त्या वेळीं नव्हतें. ही गोष्ट पुढील विवेचनांत विसरतां कामा नये.

३. सल्ल्याची अस्थिरता

अनुमान प्रसिद्ध झाल्यावर चार वर्षांच्या आंतच, १९७८ मध्यें, अमेरिकेनें फवाऱ्याच्या डब्यांतील या वायूंचा अनावश्यक वापर बंद केला. कॅनडा, स्वीडन व नॉर्वे यांनींहि तसेंच धोरण स्वीकारलें. युरोपीय समूहानें १९८० मध्यें उत्पादनक्षमता वाढवावयाची नाहीं असें ठरविलें. पण कारखान्यांची कितीतरी क्षमता वापरावांचून पडून असल्यामुळें त्या ठरावानें प्रत्यक्ष उत्पादनास फारसा लगाम बसला नाहीं.

ह्यापुढील काळांत सल्ल्याचेंच पाऊल डळमळूं लागलें. या वायूंचा वापर तसाच चालू राहिल्यास कालांतरानें ओझोन किती घटेल, याविषयीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें वेळोवेळीं अंदाज दिले. १९७६ मध्यें तो सुमारें ७ टक्के होता. १९७९ मध्यें १६ टक्क्यांवर गेला. १९८२ मध्यें ५ ते ९ टक्क्यांवर उतरला. आणि १९८४ मध्यें २ ते ४ टक्के इतकाच राहिला. प्रयोगशाळेंत एखाद्या रासायनिक क्रियेचा वेग नव्यानें मोजला गेला कीं सगळें गणित बदले. कारखानदारांच्या वतीनें याचा लाभ उठविला गेला नसता तरच नवल. ज्या शास्त्राचा आंकडा आठ वर्षांत तीन वेळां फिरतो, त्याच्या भरंवशावर कोट्यवधि रुपयांचे उद्योग मोडावयाचे काय, असा प्रश्न विचारला जाऊं लागला, व तो प्रश्न अगदींच निराधार नव्हता.

बखरींत या दशकाचा मागमूसहि नसतो. तींत १९७४ चें अनुमान व १९८५ चें छिद्र हीं एकमेकांस लागून उभीं असतात. वास्तविक तहाचा पाया घातला गेला तो याच डळमळीत दशकांत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानें मार्च १९७७ मध्यें वॉशिंग्टन येथें सभा भरवून ओझोनविषयक जागतिक कार्ययोजना ठरविली, व निरनिराळ्या देशांच्या शास्त्रज्ञांची एक संयोजक समिति नेमली. या कार्यक्रमाचे मुख्याधिकारी मुस्तफा तोलबा हे इजिप्तचे व स्वतः सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. १९८१ मध्यें तहाच्या वाटाघाटी सुरू करण्याचा निर्णय झाला व जानेवारी १९८२ मध्यें स्टॉकहोम येथें पहिली बैठक भरली. म्हणजे ज्या वर्षीं अंदाज खालीं उतरला त्याच वर्षीं वाटाघाटींस आरंभ झाला.

४. व्हिएन्ना ते माँट्रियल

२२ मार्च १९८५ रोजीं व्हिएन्ना येथें ओझोन-संरक्षणाच्या करारावर सुमारें वीस राष्ट्रांनीं सह्या केल्या. या करारांत कोणत्याहि वायूवर निर्बंध नव्हता. संशोधन करावें, माहितीची देवघेव करावी, असें मोघम आश्वासन होतें. मात्र त्याचबरोबर निर्बंधांचा पूरक तह तयार करण्यासाठीं वाटाघाटी चालू ठेवण्याचा ठरावहि मंजूर झाला. धोका सिद्ध झालेला नसतांना केवळ संभाव्य हानीच्या विचारानें राष्ट्रें एकत्र आलीं, हें या कराराचें वैशिष्ट्य होय.

यानंतर जें घडलें त्याकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. तोंपर्यंत प्रत्येक राष्ट्राचे शास्त्रज्ञ आपापल्या सरकारास सल्ला देत, व प्रत्येक शिष्टमंडळ आपल्या घरचा सल्ला घेऊन बैठकीस येई. अमेरिकेचे आंकडे ब्रिटनला संशयास्पद वाटत, ब्रिटनचे अमेरिकेला. सन १९८५ चें जें मूल्यमापन १९८६ मध्यें तीन खंडांत प्रसिद्ध झालें, त्यानें ही रीत मोडली. जागतिक हवामान संघटना, संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, अमेरिकेचीं तीन सरकारी खातीं, युरोपीय समूह व पश्चिम जर्मनीचें संशोधन मंत्रालय यांनीं मिळून तें करविलें. सुमारें १५० शास्त्रज्ञांनीं त्यांत भाग घेतला. रॉबर्ट वॉटसन यांनीं त्याची जुळवाजुळव केली. मुख्य दोन वायूंचें हवेंतील प्रमाण १९७५ ते १९८५ या दहा वर्षांत जवळ जवळ दुप्पट झाल्याचें त्यांत नमूद होतें, व उत्सर्जन १९८० च्या पातळीवर राहिलें तरी एकविसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ओझोन सरासरी ९ टक्के घटेल असा अंदाज होता. हा अंदाज पूर्वीच्या अंदाजांपेक्षां अधिक निश्चित होता असें नव्हे. तो सर्वांचा होता, हें त्याचें बळ. वादी व प्रतिवादी यांनीं एकच मोजणीदार मान्य केल्यावर शिवेचा तंटा मिटण्याची निम्मी वाट सरते, तसें येथें झालें.

वाटाघाटींच्या फेऱ्या डिसेंबर १९८६ मध्यें जिनीव्हा, फेब्रुवारी १९८७ मध्यें व्हिएन्ना व एप्रिल १९८७ मध्यें पुन्हां जिनीव्हा येथें झाल्या. एका बाजूस अमेरिका, कॅनडा, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड. दुसऱ्या बाजूस युरोपीय समूह, व त्यांतहि ब्रिटन आणि फ्रान्स. अमेरिकेची मागणी हळूहळू ९५ टक्क्यांपर्यंत कपात करावी अशी होती. युरोपीय समूह उत्पादन आहे तेथें गोठविण्यापलीकडे जावयास प्रथम तयार नव्हता. तिसऱ्या फेरीच्या आधीं एप्रिलमध्यें वुर्ट्सबुर्ग येथें गणितकारांची एक छोटी सभा भरली. निरनिराळ्या देशांचीं गणितें एकाच प्रकारच्या गृहीतांवर चालवून पाहिलीं असतां तीं एकमेकांशीं जुळलीं, आणि दोनच वायूंवर निर्बंध घालून भागणार नाहीं, सर्व मुख्य वायु व अग्निशामक हॅलॉन हेहि तहांत आले पाहिजेत, असें निष्पन्न झालें.

शेवटीं १६ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रियल येथें २४ राष्ट्रांनीं व युरोपीय समूहानें तहावर सह्या केल्या. पांच क्लोरोफ्लुओरोकार्बन व तीन हॅलॉन यांवर निर्बंध आले. क्लोरोफ्लुओरोकार्बनांचा वापर १९८६ च्या पातळीवर गोठवावयाचा, मग २० टक्के व १९९८ पासून ५० टक्के कमी करावयाचा, असें ठरलें. हा ५० चा आंकडा कोणत्याहि शास्त्रज्ञाच्या गणितांतून निघालेला नव्हता. ९५ मागणारा व कांहींच न देऊं इच्छिणारा यांच्यामध्यें जी तडजोड झाली तिचा तो आंकडा होय.

५. छिद्राची शकावली

आतां दुसरी शकावली पाहूं. हॅली बे येथील नोंदींवरून जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँक्लिन यांनीं लिहिलेला निबंध १९८४ च्या अखेरीस 'नेचर'कडे गेला व १६ मे १९८५ च्या अंकांत प्रसिद्ध झाला. तेथील ऑक्टोबर महिन्याची सरासरी सुमारें ३०० डॉब्सन एककांवरून २०० च्या आसपास उतरल्याचें त्यांनीं दाखविलें. व्हिएन्ना करारावर सह्या होऊन तेव्हां जवळ जवळ आठ आठवडे लोटले होते. यापूर्वीं जपानचे शिगेरु चुबाची यांनीं स्योवा ठाण्यावरील १९८२ च्या अशाच नीच नोंदी १९८४ मध्यें ग्रीसमधील एका परिषदेंत मांडल्या होत्या. परंतु त्यांकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

येथें दुसऱ्या एका आख्यायिकेचाहि परामर्श घेणें इष्ट आहे. अमेरिकेच्या उपग्रहानें हें छिद्र आधींच पाहिलें होतें, पण गणकयंत्रानें तीं मोजमापें चुकीचीं समजून फेंकून दिलीं, असें सर्रास सांगितलें जातें. वस्तुतः १८० एककांखालील मोजमापें संशयास्पद म्हणून खूण करून वेगळीं ठेवलीं जात. तीं नष्ट केलीं जात नसत. त्यांची तपासणी चालू होती, व ऑगस्ट १९८५ मध्यें प्राग येथील परिषदेंत पवन भारतीय यांनीं उपग्रहाचा पुरावा मांडला.

घट झाली हें याप्रमाणें ठरलें; ती कशानें झाली हें मात्र ठरलें नव्हतें. १९८६ मध्यें तीन मतें प्रचलित होतीं. एक मत क्लोरीनचें. सुसान सॉलोमन व त्यांचे सहकारी यांनीं ध्रुवीय हिमढगांच्या पृष्ठावर ही क्रिया घडते असें सुचविलें होतें. दुसरें मत सूर्यावरील घडामोडींचें, तिसरें मत वाऱ्यांच्या अभिसरणाचें. पूर्वीच्या कोणत्याहि गणितांत असल्या छिद्राचें भाकित नव्हतें. म्हणून वाटाघाटींत हें प्रकरण जाणून बुजून बाजूस ठेवण्यांत आलें. वुर्ट्सबुर्गच्या गणितांतहि तें धरलेलें नव्हतें. अमेरिकेच्या शिष्टमंडळाचे प्रमुख रिचर्ड बेनेडिक यांनीं पुढें लिहिलेल्या वृत्तांतांतहि, छिद्रामुळें तह झाला ही समजूत खोडून काढली आहे.

निर्णायक पुरावा आला तो ऑगस्ट-सप्टेंबर १९८७ च्या मोहिमेंत. चिली देशाच्या दक्षिण टोंकास असलेल्या पुंता अरेनास येथून विमानें उडवून ध्रुवावरील हवा तपासण्यांत आली. जेम्स अँडरसन यांच्या यंत्रानें असें दाखविलें कीं, विमान थंड भोंवऱ्यांत शिरतांच क्लोरीन मोनॉक्साइड एकाएकीं वाढतो व त्याच जागीं ओझोन एकाएकीं उतरतो. या मोहिमेंतील जो आलेख पुढें पाठ्यपुस्तकांतून सर्वतोमुखीं झाला, तो १६ सप्टेंबर १९८७ च्या उड्डाणाचा आहे. म्हणजे ज्या दिवशीं माँट्रियल येथें सह्या झाल्या नेमका तोच दिवस. माँट्रियलमध्यें जमलेल्या प्रतिनिधींस त्या आलेखाची माहिती असणें शक्यच नव्हतें. मोहिमेचे प्राथमिक निष्कर्ष त्या महिन्याच्या अखेरीस जाहीर झाले. ओझोन-प्रवृत्ति-मंडळाचा अहवाल १५ मार्च १९८८ रोजीं प्रसिद्ध झाला. उत्तर गोलार्धाच्या दाट वस्तीच्या पट्ट्यांतहि १९६९ ते १९८६ मध्यें ओझोन १·७ ते ३ टक्के घटल्याचें त्यांत दाखविलें होतें. नऊ दिवसांनीं ड्यू पाँ या सर्वांत मोठ्या उत्पादक कंपनीनें हे वायु क्रमाक्रमानें बंद करण्याचें जाहीर केलें.

या शकावलीवर एक आक्षेप येऊं शकतो. प्रतिनिधींच्या टिपणांत छिद्राचा उल्लेख नसला तरी वर्तमानपत्रें वाचणाऱ्या जनतेच्या मनांत तें होतेंच. तेव्हां त्याचा परिणाम झाला नाहीं असें कसें म्हणावें? हा आक्षेप आम्ही अंशतः मान्य करतों. छिद्राच्या बातमीनें लोकमत जागृत झालें व दिरंगाई करणाऱ्यांस अवघड झालें, हें संभवनीय आहे. परंतु तहाचें कार्य त्यापूर्वीं कित्येक वर्षें चालू होतें, कलमांचा पाया संयुक्त मूल्यमापनाचा होता, आणि छिद्राचें कारण तेव्हां अनिर्णीत होतें. तेव्हां फार तर तें उत्तेजक म्हणतां येईल; कारण म्हणतां येणार नाहीं.

६. तहाचीं कलमें

मग या तहाचें यश कशांत? आमच्या मतें तें दोन कलमांत आहे. सहाव्या कलमान्वयें १९९० पासून निदान दर चार वर्षांनीं तहांतील निर्बंधांचा फेरविचार शास्त्रीय, पर्यावरणीय, तांत्रिक व आर्थिक माहितीच्या आधारें झालाच पाहिजे, व त्याच्या आधीं निदान एक वर्ष तज्ज्ञांचीं मंडळें नेमलीं पाहिजेत. दुसऱ्या कलमाच्या नवव्या पोटकलमान्वयें, आधींच तहांत असलेल्या वायूंवरील निर्बंध अधिक कडक करावयाचे असल्यास नवा तह करावा लागत नाहीं. एकमत न झाल्यास ठराविक बहुमतानें घेतलेला निर्णय सर्व सभासदांवर बंधनकारक होतो. सल्ला चुकीचा किंवा अपुरा ठरूं शकतो हें गृहीत धरूनच हा तह लिहिला गेला, व म्हणून सल्ल्याला पुन्हां पुन्हां आंत येण्यासाठीं दरवाजा ठेवला गेला. तहनामा लिहून शिक्कामोर्तब झालें कीं कारकुनाचें काम संपतें. येथें मात्र सही झाल्यावर खरें काम सुरू झालें.

त्याचा प्रत्यय लवकरच आला. पहिल्या मंडळांनीं १९८९ मध्यें दिलेल्या अहवालांचें सार असें कीं, छिद्र नाहींसें व्हावयाचें तर हवेंतील क्लोरीन अब्ज भागांत सुमारें २ भागांपर्यंत उतरला पाहिजे, आणि माँट्रियलच्या निम्म्या कपातीनें तो उतरणें तर दूरच, वाढतच राहील. म्हणजे ध्रुवावरील छिद्र पुरावा म्हणून उपयोगीं पडलें तें तह करण्यास नव्हे, तर केलेला तह अपुरा आहे हें दाखविण्यास. जून १९९० मध्यें लंडन येथें हे वायु २००० सालापर्यंत पूर्णपणें बंद करण्याचें ठरलें. १९९२ मध्यें कोपनहेगन येथें प्रगत देशांपुरती ती मुदत १९९६ वर आणली गेली. तांत्रिक मंडळांत कारखान्यांतील जाणकारांस घेतल्यामुळें, पर्याय नाहीं ही तक्रारहि लटकी पडली. विद्युत्-पट्ट्या धुण्यासाठीं संत्र्या-लिंबांच्या सालींत आढळणाऱ्या द्रव्यवर्गापासून केलेलीं द्रावकेंहि चालतात, असें दिसून आलें.

७. लंडन, भारत व द्रव्याचा प्रश्न

सल्ल्याच्या मर्यादाहि याच प्रकरणांत स्पष्ट होतात. माँट्रियलच्या तहावर भारत व चीन यांनीं सह्या केल्या नव्हत्या. पांचव्या कलमानें दरडोई ०·३ किलोग्रॅमपेक्षां कमी वापर असलेल्या विकसनशील देशांस दहा वर्षांची सवलत दिली होती. पण नवीं यंत्रें, नवें तंत्र, त्यासाठीं लागणारें द्रव्य कोणीं द्यावयाचें, हें मोघमच होतें. हवेंत सांचलेले बहुतांश वायु प्रगत राष्ट्रांनीं सोडलेले. तेव्हां जें त्यांनीं बिघडविलें तें दुरुस्त करण्याचा भार गरिबांनीं कां उचलावा, असा भारताचा सवाल होता. रसायनशास्त्राच्या कोणत्याहि समीकरणांत या सवालाचें उत्तर नाहीं. तो न्यायाचा प्रश्न होता व तो वाटाघाटींतच सुटावयाचा होता.

लंडनच्या परिषदेंत भारताच्या शिष्टमंडळाचें नेतृत्व त्या वेळच्या पर्यावरणमंत्री मेनका गांधी यांनीं केलें. दीर्घ घासाघिशीनंतर बहुपक्षीय निधि निर्माण झाला. पहिल्या तीन वर्षांसाठीं १६ कोटी डॉलर, व भारत आणि चीन तहांत आल्यास आणखी ८ कोटी, असें ठरलें. निधीच्या कार्यकारी समितींत प्रगत व विकसनशील देशांस प्रत्येकीं सात जागा देण्यांत आल्या. चीन १९९१ मध्यें व भारत १९९२ मध्यें तहांत सामील झाला. तेव्हांपासून या निधींतून चार अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मंजूर झाली आहे. हा निधि नसता तर शास्त्रज्ञांचे अहवाल कितीहि बिनचूक असले तरी निम्मे जग तहाबाहेरच राहिलें असतें.

८. उत्तरवृत्त

सप्टेंबर २००९ पर्यंत संयुक्त राष्ट्रांतील सर्व राष्ट्रांनीं या तहास मान्यता दिली होती. २०२२ च्या मूल्यमापनांत असा अंदाज आहे कीं, सध्यांचें धोरण टिकल्यास ओझोन १९८० च्या पातळीवर दक्षिण ध्रुवखंडावर २०६६ च्या सुमारास, उत्तर ध्रुवाकडे २०४५ च्या सुमारास, व अन्यत्र २०४० च्या सुमारास परत येईल. या वायूंपैकीं कांहींचें आयुष्य पन्नास ते शंभर वर्षें असल्यामुळें याहून त्वरा शक्य नाहीं.

तरी हा इतिहास निष्कलंक नाहीं. ओझोनला निर्धोक म्हणून जे हायड्रोफ्लुओरोकार्बन वायु पर्याय म्हणून आले, त्यांपैकीं कित्येक उष्णता धरून ठेवण्यांत कार्बन डायॉक्साइडपेक्षां हजार पटींहून अधिक प्रबळ निघाले. एक धोका टाळतांना दुसऱ्याचा पाया घातला गेला. ऑक्टोबर २०१६ मध्यें किगाली येथें तहांत दुरुस्ती होऊन त्यांवरहि निर्बंध आले; भारतासाठीं ते २०२८ पासून सुरू व्हावयाचे आहेत. दुसरें प्रकरण चोरीचें. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवरून दिसून आलें कीं, बंद झालेला एक वायु, क्लोरोफ्लुओरोकार्बन-११, हवेंत अपेक्षेप्रमाणें घटत नाहीं. कोठें तरी त्याचें नवें उत्पादन चालू असावें. पुढच्या वर्षीं त्या उत्सर्जनाचा मोठा भाग चीनच्या पूर्व भागांतून येत असल्याचें कोरिया व जपान येथील मोजमापांनीं दाखविलें, व लवकरच तें उतरलें. सल्लागार येथें पहारेकरीहि ठरला. हॅली बेच्या काळापासून चालत आलेली, कोणत्याहि तात्कालिक लाभाची अपेक्षा नसलेली नोंदीची परंपराच येथें पुन्हां कामास आली.

९. निष्कर्ष

येथवरच्या विवेचनावरून आम्हांस पुढील निष्कर्ष निघतात असें वाटतें. पहिला, माँट्रियलचा तह निर्विवाद पुराव्यावर झालेला नसून, अपुऱ्या परंतु सर्वांनीं मिळून केलेल्या मूल्यमापनावर झालेला आहे. दुसरा, दक्षिण ध्रुवावरील छिद्राचें निदान तहानंतरचें असून त्याचा खरा परिणाम १९९० व १९९२ च्या दुरुस्त्यांवर झाला. तिसरा, सल्ला बदलेल हें आधींच ओळखून तहांत त्यासाठीं ठेवलेली सोय हेंच त्याच्या दीर्घायुष्याचें रहस्य होय. चौथा, काय करावयाचें हें शास्त्र सांगूं शकलें. भार कोणीं उचलावयाचा हें त्याला सांगतां आलें नाहीं, व तो प्रश्न सुटल्यावांचून तह जगाचा झाला नाहीं.

यावरून इतर सर्व प्रश्नांस हीच किल्ली लागेल असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. या वायूंचे उत्पादक मोजके होते, पर्याय शोधतां येण्याजोगे होते. कोळसा व खनिज तेल यांची गोष्ट तशी नाहीं. १९८८ मध्यें हवामान-बदलासंबंधीं आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झालें, व सल्ल्याची संयुक्त रीत तेथेंहि स्वीकारली गेली; तरी १९९२ च्या करारानंतरहि उत्सर्जन वाढतच गेलें. परंतु पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबणें यासाठीं माँट्रियलचा आधार घेणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, १९८७ मध्यें राष्ट्रें जर अँडरसन यांच्या आलेखाची वाट पाहत थांबलीं असतीं, तर तो आलेख आला तेव्हां त्यांच्यापुढें कडक करावयास तहच नसता. वाटाघाटींचा आरंभ तेथून करावा लागला असता, आणि मधल्या प्रत्येक वर्षाचा क्लोरीन पुढील पन्नास-शंभर वर्षांच्या खातीं जमा झाला असता.